बॉनेटवरच्या अंगठ्यांविषयी

अर्जदार : सेतुमाधवराव, वय पन्नाशी उलटलेले, धंदा अर्ज लिहिण्याचा, बैठक तालुका कचेरीसमोरच्या चिंचेखाली, मुक्काम कुंभकोणम्.
प्रतिवादी : अर्जदाराचा सख्खा धाकटा भाऊ गुरुराज, मोठ्या कंपनीत नोकर, मुक्काम चेन्नई.
घटनेचा काळ : गेल्या वर्षीचा ऐप्पसी महिना, दीपावलीच्या आधीचे दिवस.
घटनेची जागा : आमच्या घरामागील पत्र्याची शेड.
वादाची वस्तू : वडिलांनी घेतलेली विलायती मोटार, टप मागे पडणारी, नाक लांब, रंग डाळिंबी, आणि विशेषेकरून तिचे बॉनेट.
साक्षीदार : प्रथम, अर्जदाराची पत्नी जानकी, जिने सर्व डोळ्यांनी पाहिले. द्वितीय, शेजारचे वैदी मामा, ज्यांना मोतीबिंदूमुळे दिसले थोडे, परंतु यंत्राचा आवाज त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला.

ऐप्पसी पुन्हा आला आहे. तुमच्याकडे महाराष्ट्रात आश्विन सरून कार्तिक लागतो आणि आभाळ मोकळे होते, त्याच सुमारास आमच्याकडे पूर्वेच्या समुद्रावरून पाऊस चढून येतो. काड्यापेटी पेटत नाही. मीठ पाझरते. कागद मऊ पडून शाई पितो आणि माझ्यासारख्या वळणदार अक्षराच्या माणसाचेही अक्षर या महिन्यात पसरते. पूर्वी याच दिवसांत शेडमधून मेणाचा वास येई. वडील पाऊस धरण्याच्या आत मोटारीवर मेण चढवीत, जुन्या धोतराच्या फडक्याने, हळूहळू, गाईचे अंग चोळावे तसे. यंदा शेडमधून कसलाच वास येत नाही. काचेच्या भांड्याला वास नसतो, तसे.

मी पोटासाठी जे अर्ज लिहितो ते तमिळमध्ये. माझे शिक्षण नववीपर्यंत जाहले, पुढे जाहले नाही. परंतु या तालुक्यात जमिनीच्या हद्दीपासून विधवेच्या पेन्शनीपर्यंत कोणती गोष्ट कोणत्या शब्दांत मांडावी हे कचेरीतले पदवीधर मला विचारतात. हा एकच अर्ज घरच्या भाषेत, आमच्या तंजावरी मराठीत, लिहीत आहे. कारण उघड आहे. तमिळमध्ये लिहिला तर उद्या सकाळी आमची गल्ली तो कॉफीबरोबर वाचील. एकदा पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी माझे बोलणे ऐकून हसत म्हटले होते की तुमची मराठी म्हणजे जुन्या दप्तरातला कागद. मी ते प्रशस्तिपत्र म्हणून ठेवून घेतले. जुन्या कागदांवरच दावे टिकतात.

मोटार आमच्या घरी आली ती बैलांनी ओढून. एका मिरासदाराच्या गोठ्यात ती पेंढ्याखाली पडली होती, सीटमध्ये घुशींनी घर केले होते. वडील कचेरीत कारकून. त्यांनी ती घेतली तेव्हा गाव हसले. त्यांनी बसगाड्या रंगवणारा एक कसबी गाठला आणि तै महिन्याच्या कोरड्या उन्हात, म्हणजे पोंगल झाल्यावर, तिच्यावर डाळिंबी रंगाचे थरावर थर चढविले. ऐप्पसीत रंगाचा डबा उघडावयाचा नाही, हा त्यांचा नियम होता. हवेतले पाणी रंगात शिरते आणि रंग दुधाळतो, असे ते सांगत. मग ती मोटार जानवासाला भाड्याने जाऊ लागली आणि हसणाऱ्यांनीच आपल्या मुलांच्या लग्नात ती मागितली.

जानवास म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्या मुलाला उघड्या मोटारीत बसवून, पुढे नादस्वरम्, दोन्ही बाजूंना डोक्यावर दिवे घेतलेली माणसे, असे गल्लीगल्लीतून मिरवीत मंडपात आणावयाचे. गल्लीतली अस्की, एकूणएक पोरे मोटारीत घुसतात. नवऱ्याच्या अंगात उसना कोट असतो, बाह्या बोटांपर्यंत येतात, आणि तो घामाने निथळत असतो. मी त्या सीटवर जितके नवरे पाहिले त्यांतला एकही आनंदी दिसला नाही. सगळे पकडून आणलेले दिसत. मीही तसाच दिसलो असेन. जानकी म्हणते, दिसला होतात.

आता आईची गोष्ट सांगतो, कारण सर्व वाद तेथे आहे.

मोटार फाटकाबाहेर पडण्यापूर्वी आई परातीत हळद आणि चुना कालवी. पिवळे पाणी पाहता पाहता लाल होई. ते मोटारीवरून ओवाळून चाकापुढे ओतावयाचे, एवढीच सर्वांची रीत. आईची त्यापुढे एक होती. ओतण्याआधी ती त्या पाण्यात उजवा अंगठा बुडवी आणि बॉनेटच्या मध्यावर टेकवी. ज्या नवऱ्याचे नावही तिला ठाऊक नसे, त्याच्यासाठी. त्याला दृष्ट लागू नये, एवढेच. वडिलांचा या गोष्टीला सक्त विरोध होता. चुना रंग खातो, हे त्यांना कळत होते. ते म्हणत, अगं, नंतर पुसून तरी टाक. आई पुसत नसे.

“खाऊ दे रंग,” ती म्हणे. “मोटारीला काय, दुसरा लावता येतो.”

चुन्याने खरोखरच खाल्ला. प्रत्येक अंगठ्यामागे झिलई उडालेली एक लंबगोल खूण राहिली, आणि लग्नामागून लग्ने होत त्या खुणा एकमेकींवर पडून बॉनेटच्या मध्यावर पिंपळाच्या पानाएवढी एक मंद जागा तयार जाहली. वडील मेण लावताना तेथे हात आला की वाकडे तोंड करीत, पण मेण तिथेही लावीत. माझा जानवास निघाला तेव्हा आईने अंगठा मध्यावर ठेवला नाही. डावीकडे, दिव्याच्या वरच्या अंगाला, वेगळा ठेवला. म्हणाली, तू भाड्याचा नव्हेस.

गुरू लहान होता तेव्हा त्याचा एक खेळ होता. ऐप्पसीत पाऊस बाहेर पडू देत नसे, मग तो शेडमध्ये जाई, बॉनेटवर पोट टेकून लोळे आणि तोंड रंगाजवळ नेऊन हाऽ करून वाफ सोडी. वाफ झिलईवर पांढरी बसे, अंगठ्यांवर मात्र निराळी बसे, आणि क्षणभर ते सारे अंगठे एकेक करून उमटून दिसत. तो त्यांना नावे ठेवी. हा घामट नवरा. हा रडका. हा मंडपातून पळणार. मी मोठा, मला अभ्यास असे, तरी मी जाऊन पाहत उभा राहत असे. वडील आले की दोघांच्याही पाठीत बसे. तेव्हा गुरुराज माणूस होता, हे मी न्यायाच्या दृष्टीने नमूद करून ठेवतो.

पुढे तो शिकला. चेन्नईस गेला. आपल्याच कचेरीतल्या मुलीशी नोंदणी करून लग्न केले आणि ते झाल्यावर टेलिफोनवर कळविले. मुलगी चांगली आहे, तिच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. तक्रार त्याच्या एका वाक्याविरुद्ध आहे. आईने विचारले, जानवास तरी इथे करू या ना, गावाला दिसेल. तो म्हणाला, सर्कशीतल्या अस्वलासारखा मी रस्त्यावरून फिरणार नाही. आईने रिसीव्हर खाली ठेवला आणि तांदूळ निवडावयास बसली.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, तिने परात काढली. हळद घेतली, चुना घेतला. मला वाटले, मोटार हल्ली भाड्याने जात नाही हे ती विसरली. ती परात घेऊन शेडमध्ये गेली. मोटार तेव्हा चाके काढून विटांवर चढविलेली होती. मी मागोमाग गेलो आणि विचारले, गाडी कुठे निघाली? कुठे नाही, म्हणाली. विटांवरच्या त्या मोटारीवरून तिने पाणी ओवाळले, अंगठा बुडविला आणि बॉनेटच्या उजव्या बाजूला, माझ्या खुणेच्या बरोबर समोर, टेकविला. इतर वेळी क्षणभर टेकवी. त्या दिवशी अंगठा उचलीचना.

मग म्हणाली, “त्याला सांगू नकोस. हसेल.”

मी सांगितले नाही. आई होती तोवर नाही, आणि ती गेल्यावर तर मुळीच नाही; ज्याने हुकूम दिला तो माणूसच नसेल तर हुकूम मागे कोण घेणार?

आता गेल्या ऐप्पसीकडे येतो.

प्रतिवादीच्या मनात एकाएकी मोटारीविषयी प्रेम उत्पन्न जाहले. चेन्नईस जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरते, तेथे ती पुन्हा चाके चढवून उभी करावयाची होती. मोटार दोघांच्या नावावर आहे, तेव्हा त्याला अधिकार नाही असे मी म्हणत नाही. दीपावलीची रजा मिळाली म्हणून तो नेमका ऐप्पसीत आला, वडिलांचा नियम पायदळी तुडवीत, आणि येताना कोइंबतूरहून दिनेश नावाचा एक तरुण घेऊन आला. काळा शर्ट, काळे हातमोजे, कानात काहीतरी खुपसलेले. हा मनुष्य मोटारींना झिलई देतो आणि स्वतःस मोटारींचा डॉक्टर म्हणवून घेतो. त्याने पहिल्या दिवशी मोटार साबणाने धुतली, मग कणकेसारखा एक मातीचा गोळा सबंध अंगावरून घसरवला, क्रोमच्या कडांना निळी पट्टी चिकटविली. नंतर तिकाटीवर एक प्रखर दिवा लावून त्याने प्रतिवादीला रंगावरचे ओरखडे दाखविले. कोळ्याच्या जाळ्यासारखे ते दिसले. वडिलांच्या धोतराचे ते ओरखडे. दिनेशने तमिळमध्ये सांगितले की या गाडीला कोणीतरी जन्मभर छळले आहे, सार. मी तेथेच बनियनवर उभा होतो.

मग दिवा बॉनेटवर आला. त्याने रंगाची जाडी मोजणारे एक यंत्र जागोजाग टेकविले आणि चुना, असे निदान केले. हे नुसत्या घासण्याने जाणार नाही, पाण्याच्या पॉलिश पेपरने वरचा रंग उतरवावा लागेल, करू का, असे त्याने विचारले. मी म्हणालो की बाकीची मोटार हवी तेवढी चमकवा, मधली जागा आणि बाजूच्या दोन खुणा सोडा. प्रतिवादी म्हणाला की बघणाऱ्याची पहिली नजर तिथेच जाणार. मी म्हणालो, जावी.

“अण्णा, डाग आहेत ते.”

“आईचे अंगठे आहेत.”

“ठाऊक आहे मला. भाड्याच्या नवऱ्यांचे.”

“उजवीकडचा भाड्याचा नाही.”

“मग तुझा असेल.”

“माझा डावीकडे आहे.”

येथे कोणीही मनुष्य पुढचा प्रश्न विचारील. कचेरीतला शिपाईदेखील विचारील. प्रतिवादीचा फोन वाजला. तो फोन कानाला लावून अंगणात गेला, आणि जाताना डाव्या हाताने त्याने दिनेशला खूण केली. सुरू कर, अशी. ही खूण जानकीने पाहिली आहे. आईने मला बांधून घातले नसते तर मी त्याच्या मागे अंगणात गेलो असतो. मी गेलो नाही.

यंत्र दिवसभर चालले. जुन्या रंगावर पारदर्शक थर नसतो, रंगच सुटून येतो. त्यामुळे पांढरा स्पंज पाहता पाहता लाल जाहला. दिनेश तो बादलीत पिळी आणि पाणी लाल होई. जानकी स्वयंपाकघराच्या दारातून ती बादली पाहत राहिली आणि मग आत जाऊन तिने दार ओढून घेतले. भिंतीपलीकडून वैदी मामांनी विचारले की सेतू, सकाळपासून दळण चालले आहे, दीपावलीला कोणता पदार्थ करता? मी म्हणालो, आईला दळत आहेत. मामा संध्याकाळी काठी टेकीत आले, बॉनेटवरून हात फिरविला आणि हात लुंगीला पुसून परत गेले.

एका गोष्टीचा मला आनंद जाहला, तो लपवीत नाही. बॉनेटच्या कडेला एके ठिकाणी घासता घासता पत्रा उघडा पडला. तेथे दिनेशने नवा रंग फवारला आणि त्याच वेळी पाऊस आला. रंग वाळला तो ताकासारखा पांढरा. प्रतिवादी त्याच्याकडे आणि तो आभाळाकडे पाहू लागला. दिवे लावून, पडदे लावून, पुन्हा घासून, पुन्हा फवारून त्यांनी तो कसाबसा जागेवर आणला. वडील असते तर एक शब्द बोलले नसते. मी बोललो. बरेच बोललो.

बॉनेट घासले त्याच दुपारी, खुणा गेल्यावर, जेवायला बसलो होतो. जानकीला आईने बांधून घातले नव्हते. तिला आईनेच एकदा सर्व सांगितलेले होते. तिने ताक वाढता वाढता, आवाज न चढविता म्हटले, “भावोजी, उजवीकडचा तुमचा होता. तुमच्या लग्नाचे कळले त्या दिवशी सासूबाईंनी शेडमध्ये जाऊन लावला होता.”

प्रतिवादी भात कालवीत होता. कालवीत राहिला. नंतर म्हणाला, ताकात मीठ कमी आहे.

एवढेच बोलला. मी पुष्कळ निर्ढावलेले पक्षकार पाहिले आहेत. सख्ख्या बहिणीचा हिस्सा गिळून माझ्यापुढे कॉफी पिणारे पाहिले आहेत. त्यांनीदेखील असल्या वेळी मीठ काढलेले मला आठवत नाही.

शेवटी मोटारीवर एक द्रव्य चढविण्यात आले, ज्याने रंगावर काचेसारखे कवच बसते. पाणी त्यावर ठरत नाही, गोळ्या होऊन पळते. मोटार सुंदर दिसते, हे कबूल करणे भाग आहे. इतकी सुंदर की जवळ गेले असता बॉनेटमध्ये मला माझाच चेहरा दिसला, नाक फुगलेले, दाढी वाढलेली. मी तो पाहण्यासाठी तिथे गेलो नव्हतो. प्रदर्शनात तिला फीत मिळाली. प्रतिवादीने बायकामुलांसह मोटारीपुढे उभे राहून काढलेला फोटो मला फोनवर पाठविला. अशा फोटोला उत्तर म्हणून अंगठ्याचे चित्र पाठविण्याची हल्ली चाल आहे. मी पाठविले नाही.

मोटार परत आमच्या शेडमध्ये आली आणि शेडच्या दाराला इंग्रजी पाटी आली, हात लावू नये अशा अर्थाची. माझ्या घरात, माझ्या डोक्याच्या उंचीवर.

आता येत्या तैमध्ये माझी मुलगी मैथिली हिचे लग्न आहे. मुलगा तंजावरचा, आपल्याच लोकांतला. दारासुरम्‌च्या मागावर तिचे पातळ विणून तयार आहे. नवरा मुलगा याच मोटारीतून यावयाचा, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेले. प्रतिवादीला विचारले. आनंदाने हो म्हणाला, मी स्वतः चालवीन म्हणाला, आणि मग अटी सांगू लागला. तारेचे हार नकोत. पोरे आत नकोत. आणि हळदचुन्याचे पाणी तर अजिबात नको. त्याला वाटले असावे की मी ऐकून घेतो आहे. त्याने तोड सुचविली. बॉनेटवर एक पारदर्शक कागद चिकटवू, वहिनींनी त्यावर अंगठा लावावा, मिरवणूक झाली की कागद सोलून टाकू. कोणाला कळणारही नाही, अण्णा.

जानकीला हे सांगितले. ती कढीपत्ता खुडत होती. म्हणाली, “सोलून टाकायचा तर लावायचा कशाला?” मैथिली म्हणाली, “अप्पा, त्यांना ऑटोतून आणा, ऑटोवाला काही म्हणणार नाही.” दोघी हसल्या. मी हसलो नाही. ज्या मोटारीवर साऱ्या गावाच्या अनोळखी पोरांसाठी अंगठा टेकला, तिच्यावर घरच्या जावयासाठी टेकावयाचा नाही, ही गोष्ट हसण्याची नव्हे.

मी तेव्हाच कडक उत्तर लिहावयास घेतले होते. परवाच्या दीपावलीस प्रतिवादी सहकुटुंब आला आणि ते उत्तर तसेच राहिले. का राहिले, ते सांगून अर्ज पुरा करतो.

दीपावलीच्या पहाटे आमच्याकडे सर्वांचे तेलस्नान असते. गल्लीत फटाके सुरू झाले होते, पाऊस नुकता थांबला होता. मी न्हाऊन मागल्या ओसरीवर केस पुसत होतो. शेडचे दार उघडे दिसले. आत प्रतिवादी होता. अंगावर नवे धोतर, टोकाला हळदीचे बोट लावलेले, केसांतून अजून पाणी गळत होते. तो एकटा होता. पाटीच्या आत, कवच चढविलेल्या त्या रंगाला पोट टेकून, बॉनेटवर वाकला होता. मला वाटले, काही ओरखडा शोधतो आहे. मग त्याने तोंड रंगाजवळ नेले आणि हाऽ केले.

डावीकडे नव्हे. मध्यावर नव्हे. उजवीकडे.

थोडा वेळ तसाच पाहत राहिला. पुन्हा वाफ सोडली. मग खांद्यावरच्या अंगवस्त्राने ती जागा पुसली, पुन्हा वाफ सोडली. मी ज्या ठिकाणी उभा होतो तेथून बॉनेट दिसत नव्हते, त्याची पाठ दिसत होती. आतून जानकीने दीपावलीच्या औषधी लेह्यासाठी हाक मारली, तेव्हा तो सरळ झाला, दार लावले आणि माझ्याजवळून जाताना म्हणाला की अण्णा, यंदा ओल फार आहे. मी म्हणालो, आहे.

सबब प्रतिवादीस कळविण्यात येते की त्याच्याविरुद्धची माझी तक्रार पूर्णपणे कायम आहे. तिच्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. विनंती अशी की, तै महिन्यात जानवास निघताना जानकीचा अंगठा उघड्या रंगावर, मध्ये कोणताही कागद न घालता, टेकू द्यावा. तो कोठे टेकवावयाचा ती जागा प्रतिवादीने स्वतः दाखवावी. पुढच्या महिन्यात कार्तिगैचे दिवे लागण्यापूर्वी होकार किंवा नकार न आल्यास होकार आहे असे धरून परात काढली जाईल.

आणि दुसरे. दीपावलीच्या पहाटे उजव्या बाजूस काही उमटले की नाही, याचे उत्तर स्वतःच्या हाताने, आपल्या भाषेत लिहून पाठवावे. सविस्तर नको. उमटले नसेल, तर तसेही लिहावे.